ब्रेकचे जाम बोल्ट: घरच्या घरी केलेल्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी चालू आहे पण दुपारनंतर हात मोकळा असतो, म्हणून पावसाळ्यापासून डोक्यात असलेलं काम आज हाती घेतलं. गाडी २०११ ची पेट्रोल सेडान, तीन वर्षांआधी सेकंडहँड घेतलेली. दारव्ह्याहून परत आलो की पुढचं डावं चाक हाताला चांगलंच गरम लागते, उजवं तेवढं नाही, गाडी हलकीशी डावीकडे ओढते आणि ८० च्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते. महिन्यातून एकदा बाबांना वर्ध्याला दवाखान्यात न्यावं लागते, त्यांना मागे बसवून असल्या ब्रेकवर मी हायवेवर जाणार नाही हे ठरलेलं होतं. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, आणि पॅड तिला दोन्हीकडून दाबून गाडी थांबवतात; पॅड आणि दोन नवीन डिस्क यवतमाळहून आणून ठेवल्या आहेत.

गॅरेजमध्ये काहून नाही नेली, असं घरी विचारलं. मागच्या वेळी एका ठिकाणी पॅड बदलून घेतले होते आणि आता वाटते की तेव्हा फक्त पॅडच बदलले, कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, ज्यांवर सरकते त्या पिना कोणी साफ केल्याच नाहीत. यावेळी मला स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहायचं आहे.

ब्रेकचं काम म्हणजे पॅड बदलणं नाही, ते तर दहा मिनिटांचं आहे. खरं काम आहे जाम झालेले बोल्ट सोडवणं. आपल्याकडे चार महिने काळ्या मातीतून गाडी जाते, ही माती पाणी धरून ठेवते, चाकाच्या आतल्या बाजूला लिंपून बसते आणि वरून वाळली तरी आतून ओलीच राहते. लोखंड गंजलं की फुगते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि आट्यांमध्ये ती जागा नसतेच, म्हणून बोल्ट आवळला नसला तरी आवळल्यासारखा होतो. हे एकदा समजलं की पुढचं समजते: बोल्टला नुसता पिळा देऊन उपयोग नाही, आधी त्या गंजाचा थर फोडायचा.

आज फक्त डावं पुढचं चाक काढायचं ठरवलं. नट १९ नंबरचे. गाडी खाली जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, जॅकवर चढवून नाही, हे पोट्ट्यांना पण माहीत असते. तीन नट निघाले, चौथा हलेना. पंक्चरवाल्यांनी मशीनने आवळलेला दिसते. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटला १०८ न्यूटन मीटर (पिळायच्या जोराचं माप) दिलं आहे. गाडीसोबत आलेला पाना २५ सेंटीमीटरच्या आसपास, माझं वजन ७० किलो, त्यावर पूर्ण उभा राहिलो तरी १७० च्या जवळपास जोर मिळते. तेवढ्याने नाही निघाला म्हणजे कोणीतरी त्याच्याही वर आवळलेला आहे किंवा गंजला आहे, किंवा दोन्ही. बोअरचा जुना जीआय पाइप एक मीटरचा कापून घेतला आणि टॉमीवर, म्हणजे पान्याच्या दांड्यावर, चढवला. आता तेवढ्याच वजनाने ६८० पेक्षा जास्त होते, म्हणून उभं राहायचं नाही, हाताने हळूहळू. अर्धा तास आधी डब्ल्यूडी-४० मारून ठेवला होता. करकर करून सुटला. तो आवाज ऐकला की जीव भांड्यात पडतो.

मग चाकच निघेना. नट चारही काढले तरी चाक हबला, म्हणजे ते ज्या लोखंडी बुडावर बसते त्याला, चिकटून. ॲल्युमिनियमचं चाक, लोखंडी हब, मधात पाणी, दोन वेगळे धातू असे भेटले की गंज जास्तच धरतो. इथे चूक करणं सोपं आहे, गाडी जॅकवर आणि माणूस खाली बसून आतून लाथा मारते, गाडी घसरली तर पाय गेला. मी असं केलं: चारही नट परत लावले पण एक दीड फेरा ढिले ठेवले, गाडी खाली उतरवली, दहा फूट पुढे घेतली न् दहा फूट मागे. वजनाने चाक सुटलं, ठक असा आवाज आला. मग परत जॅक, आणि जॅकच्या बाजूला सागाचे दोन ठोकळे, काढलेलं चाक फ्रेमखाली आडवं. सिमेंटच्या विटा अजिबात नाही, त्या अचानक फुटतात. पुढच्या आठवड्यात स्टँड घेऊन येतो.

हबची तोंडं तारेच्या ब्रशने घासली. अंधार पडला, बंद केलं.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातलाच बसलो. आधी ओल्या फडक्याने धूळ पुसून घेतली, ब्रेकची धूळ तोंडाने फुंकायची नाही आणि कॉम्प्रेसरनेही उडवायची नाही, जुन्या पॅडमध्ये काय असते कोणाला माहीत.

कॅलिपरच्या मागे पिनांचे दोन बोल्ट, १२ नंबर. वरचा लगेच सुटला. खालच्याला पाना लावला की बोल्टसोबत पिनही फिरून राहिली, असं तासभर फिरवलं तरी काही होत नाही, पिनच्या बुडाला चपट्या जागा असतात तिथे १७ चा बारीक पाना धरून ठेवावा लागते. जाडा पाना त्या फटीत जात नाही, मी एक जुना पाना ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून बारीक केला, तो आता याच कामाचा.

कॅलिपर वर उचलला तर सगळं प्रकरण समोर आलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हता, खालची पिन ब्रॅकेटमध्ये (कॅलिपरला धरणाऱ्या चौकटीत) गच्च बसलेली, पिस्टन फक्त आतला पॅड दाबत होता आणि सोडल्यावरही तो घासतच राहत होता. चाक गरम व्हायचं कारण हेच. पिन वाइस ग्रिपने धरून आत-बाहेर नाही ओढली, आधी इकडे-तिकडे फिरवली, एक रेघ डावीकडे, एक रेघ उजवीकडे, थोडं तेल, परत तेच, पंधरा-वीस मिनिटांनी निघाली. तिच्यावरचं ग्रीस वाळून डांबरासारखं झालं होतं आणि रबराचं बूट फाटून त्यातून माती गेली होती. एका बोटाएवढ्या रबराने किती नुकसान केलं पहा.

कॅलिपर तारेने वर लटकवला. ब्रेकच्या पाइपवर लोंबू द्यायचा नाही, बाहेरून पाइप चांगला दिसते आणि आतून चिरते.

आता ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट, १७ नंबर. इथे माझी एक चूक झाली ती लिहून ठेवतो. बोल्टचं डोकं चाकाच्या आतल्या बाजूला असते आणि आपण बाहेर बसून हात मागे घालून काम करतो, त्यामुळे कोणत्या बाजूला फिरवलं की ढिला होते हे डोक्यात उलटं होते. मी पाइप लावून चांगला अर्धा फेरा आवळला आणि मग लक्षात आलं. नशीब आटे गेले नाहीत. आता सवय केली आहे, आधी डोकं आत घालून बोल्टच्या समोरून पाहायचं, खडूने बाणाची खूण करायची, मगच पाना.

दुसरी गोष्ट गोटीची, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या पान्याच्या तोंडाची. माझ्या सेटमध्ये बारा कोनी गोट्या जास्त आहेत. त्या कोपऱ्यांवरच धरतात म्हणून जोर लागला की बोल्टचे कोपरे गोल करतात. सहा कोनी गोटी सपाट बाजूवर धरते. अर्ध्या इंचाची १७ ची सहा कोनी गोटी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या काकांकडून आणली. गोटी पूर्ण आत बसली का ते बोटाने चाचपलं, हातोडीने दोन टोले मारून बसवली. गंजलेल्या बोल्टवर गोटी अर्धीच बसते, आणि लोकं तशीच पिळतात.

बोल्टच्या डोक्यावर सरळ हातोडीचे पाच-सहा टोले दिले, बाजूने नाही, समोरून. मग पिळलं. पहिला सुटला, दुसरा नाही. बाबा बाजेवर बसून पाहत होते.

"कायले एवढा जोर लावतं? सोडासाठी आधी आवळ जरासा."

बरोबर आहे ते. थोडं आवळायच्या दिशेने हलवलं की गंज फुटते. थोडं आवळलं, थोडं सोडलं, परत. पाऊण तास गेला आणि सुटला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी दोन तासच मिळाले. ब्रॅकेट निघालं, आता डिस्क.

डिस्क हबवर दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली आहे, चपट्या डोक्याचे, ६ मिलिमीटर जाडीचे, डोकं डिस्कमध्ये खोल बसलेलं. मला सगळ्यात जास्त भीती याच दोघांची होती आणि ती खरी ठरली. खरं पाहिलं तर चाक बसलं की डिस्कला चाकाचे नटच धरून ठेवतात, या स्क्रूंचं काम एवढंच की चाक नसताना डिस्क जाग्यावर राहावी. मॅन्युअलमध्ये यांना फक्त ९.८ न्यूटन मीटर दिलं आहे, म्हणजे हाताने आवळल्यासारखंच. पण तेरा वर्षांच्या गंजानंतर तो आकडा काही कामाचा नाही. आणि डोकं निमुळतं असते, खड्ड्यात पाचरीसारखं बसते, म्हणजे आटे एकीकडे धरतात आणि डोक्याची पूर्ण गोलाई दुसरीकडे.

एका स्क्रूवर साधा मोठा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लावला, थोडा पिळला, टोक वर सरकलं. तिथेच थांबलो. हे फार महत्त्वाचं आहे, पहिल्यांदा सरकलं तेव्हाच थांबायचं, काहून की दुसऱ्यांदा सरकलं की फुली गोल होते आणि मग कोणतंच टोक धरत नाही.

फुलीचे स्क्रू सगळे एकसारखे दिसतात पण नसतात. फिलिप्सची फुली वेगळी आणि जपानी मापाची, जिला जेआयएस म्हणतात, ती वेगळी. फिलिप्सचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला, १९३६ मध्ये कॅडिलॅक गाड्या बनवताना वापरला गेला. जपानी फुलीत फिलिप्सचं टोक तळाला जात नाही, वरच्या कडांवर अडकते, म्हणून जोर लावला की बाहेर येते. कितीतरी जपानी गाड्या-मोटरसायकलींचे स्क्रू आपल्याकडे असेच खराब झाले आहेत आणि आपण म्हणतो लोखंड नरम होतं.

आज फक्त दोन्ही स्क्रूवर तेल सोडलं. डोक्याच्या कडेला गोल फटीत थेंब थेंब, डिस्कवर सगळीकडे फवारत नाही बसलो. एक सांगून ठेवतो, डब्ल्यूडी-४० हा मुळात पाणी हटवायला बनवलेला आहे, १९५३ मध्ये अमेरिकेत, चाळिसाव्या वेळी जमलेला म्हणून नाव ४०. कामाचा आहे, पण जुन्या गंजासाठी वेगळं पातळ तेल मिळते ते जास्त आत जाते. आमच्या गावात लोकं डिझेल लावतात, तेही जाते आत, वेळ लागते. कोणतंही असो, रात्रभर द्यायचं.

उद्या यवतमाळला जाणं आहे, हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

इम्पॅक्ट ड्रायव्हर भेटला, जेआयएसचं तीन नंबरचं टोकही भेटलं, दुकानदाराला दोनदा समजावून सांगावं लागलं. स्टँडही आणले.

हे हत्यार मला फार आवडलं. मूठ जाडजूड, मागे हातोडी मारायची, आत तिरपी खाच असते त्यामुळे टोला बसला की टोक एकाच वेळी खाली दाबल्या जाते आणि थोडंसं फिरतेही. म्हणजे ज्या क्षणी पिळा पडते त्याच क्षणी टोक बाहेर यायला जागाच नसते, आणि टोल्याने गंजही फुटते. मनगटाच्या जोराने हे तिन्ही एकत्र होत नाही. फक्त वापरायच्या आधी दिशा पाहून घ्या, ते सोडायच्या बाजूला लावलं आहे का, मी रिकामं दोनदा दाबून पाहिलं.

आधी स्क्रूच्या डोक्यावर जाड पंच ठेवून दहा-बारा टोले. मग ड्रायव्हर लावला, सोडायच्या दिशेला हाताने ताण दिला आणि एक किलोच्या हातोडीने जोरात मारलं. हळू हळू टकटक मारण्यात अर्थ नाही, त्याने फुलीच झिजते. चौथ्या टोल्याला पहिला स्क्रू सुटला.

दुसऱ्याचं नाही जमलं. बुधवारी टोक सरकलेला स्क्रू हाच. सहा टोले मारले, सातव्याला फुली गोल झाली.

मग ड्रिल. पुतण्याला टॉर्च धरायला बसवलं. दुपारी लाइट गेली, ती चारला आली, तोवर स्क्रूच्या बरोब्बर मधोमध पंचने खूण करून ठेवली. खूण मधात नसली तर पुढचं सगळं वाकडं जाते, त्यासाठी घाई नाही केली. आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, मग ६.५, मग ८.५. ड्रिल हळू फिरवायचं, जोरात दाबायचं, मधामधात तेलाचा थेंब. वेगात फिरवलं तर टोक लाल होते आणि बसते.

"काका, यानं आटे नाई खराब होत का?"

होत नाहीत, काहून की आपण आट्यांपर्यंत जातच नाही. आपल्याला फक्त डोकं उडवायचं आहे. डोकं गेलं की स्क्रूने धरलेला ताण गेला, डिस्क निघाली की मागे हबमध्ये स्क्रूचा छोटासा तुकडा बाहेर डोकावत राहते. ८.५ चं टोक थोडं आत गेलं आणि डोकं रिंगीसारखं टोकावरच फिरायला लागलं. पोट्टं खूश झालं.

दुकानात स्क्रू काढायचे उलट्या आट्यांचे रॉड पण दाखवत होते. ते मी घेतले नाही. ते लय कडक लोखंडाचे असतात, आत तुटले तर त्यावर आपलं ड्रिल चालत नाही, आणि सहा मिलिमीटरच्या स्क्रूत जाणारा रॉड किती बारीक असणार.

स्क्रू गेले तरी डिस्क हबला चिकटलेली होतीच. पण बनवणाऱ्यांनी सोय ठेवली आहे, डिस्कवर दोन रिकामी भोकं असतात आटे पाडलेली, ८ मिलिमीटर, सव्वा पिचची (दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर). त्यात दोन बोल्ट घालायचे आणि आवळायचे, बोल्टची टोकं हबवर टेकतात आणि डिस्कला बाहेर ढकलतात. कितीतरी लोकं ही भोकं न पाहता डिस्कवर घण घालतात, तो सगळा मार बेअरिंगला बसते. दारव्ह्याच्या हार्डवेअरमधून तसे दोन बोल्ट आणले होते, आट्यांना ग्रीस लावून एकाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा फेरा, असं आळीपाळीने. पाचव्या-सहाव्या वेळी बंदुकीसारखा आवाज झाला आणि डिस्क सुटली. आतून माय धावत आली, "काय फुटलं बाप्पा?"

मागे राहिलेला तुकडा वाइस ग्रिपने धरला तर नुसत्या बोटाच्या जोराने फिरून निघाला. पाच दिवस ज्याने रडवलं तो असा निघाला. ताण नसला की गंजही तेवढा धरत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सुटी. सकाळी बाबांना घेऊन शाळेत जाऊन आलो, बोटाला शाई घेऊनच उजव्या चाकाला बसलो.

यावेळी सगळ्या बोल्टवर दोन दिवसांआधीच तेल सोडून ठेवलं होतं, त्यामुळे चाक, पिना सगळं पटापट. दोन्ही स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने तिसऱ्या-चौथ्या टोल्याला निघाले, सुरुवातच योग्य टोकाने केली म्हणून.

ब्रॅकेटचा खालचा बोल्ट मात्र अजिबात नाही. टोले मारले, आवळून पाहिला, एक मीटरचा पाइप लावला, काही नाही. बाबांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

"अबे तापव त्याले. तापवल्याबिगर धाव बसते काय चाकावर?"

बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना मी लहानपणी पाहिलेली आहे. लोहार धाव पऱ्हाटीच्या न् गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, मग तीन-चार माणसं चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी, धाव आवळून चाकात रुतायची. इथे तेच पण उलटं, बोल्ट ज्यात बसला आहे ते भोक मोठं करायचं. म्हणून बोल्टला नाही तापवायचं, बोल्टभोवतीच्या जाड लोखंडाला तापवायचं. हिशोब केला तर १२ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी जास्त तापलं की ०.०३ मिलिमीटरच्या आसपास मोठं होते. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा थर फुटायला तेवढं पुरते, आणि थंड होताना दोन्ही वेगवेगळ्या वेगाने आकसतात तेव्हाही पकड सुटते.

तापवायच्या आधी नीट पाहिलं. ब्रेकचा पाइप दूर बांधला, सेन्सरची वायर आणि बॉल जॉइंटचं रबर यावर ओलं फडकं गुंडाळलं, बाजूला पाण्याची बादली आणि वाळू. स्प्रे मारलेला असेल तर पुसून वाळू द्यायचा, तो पेटते. आणि क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारलं असेल तिथे जाळ अजिबात न्यायचा नाही, ते तापलं की फॉस्जीनसारखा विषारी वायू होते. मी त्या दिवशी क्लीनर वापरलंच नव्हतं. बेअरिंग जवळ आहे म्हणून लाल करायचं नाही, पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे, बस एवढंच.

छोट्या गॅसच्या बर्नरने दोन मिनिटं. मग साध्या मेणबत्तीचं टोक बोल्टच्या कडेला टेकवलं, मेण वितळून आट्यांमध्ये ओढल्या गेलं. पाना लावला. आधी आवळायच्या बाजूला किंचित, मग सोडायच्या. किर्र झालं आणि फिरला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळत बसले, पण चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरमधून जुनं ऑइल आणि हवा काढायची छोटी तोटी. ऑइल काळं झालं आहे, बदलायचं आहेच, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवीन असताना उकळबिंदू किमान २०५ अंश असते, पाणी शोषलं की १४० पर्यंत येऊ शकते, आणि घाटात ते पाणी उकळून वाफ झाली की पायाखाली काहीच राहत नाही.

निपल म्हणजे सगळ्यात धोक्याची वस्तू, काहून की ती आतून पोकळ असते. डावी सहा कोनी गोटीने सुटली. उजव्या निपलला पाना लावला तर ती वळली, पण सुटली नाही. हा फरक शब्दात लिहायचा प्रयत्न करतो, मला हे समजायला कितीतरी तुटलेले बोल्ट लागले आहेत. बोल्ट सुटते तेव्हा आधी काहीच हलत नाही, मग एकदम टक असा झटका लागते आणि मग तो जड का होईना पण एकसारखा फिरते. तुटायच्या आधी असं नसते, पाना रबरावर लावल्यासारखा मऊ जाते, थोडा फिरते आणि सोडला की थोडा मागे येते. ते मऊ लागलं की हात काढून घ्यायचा. मी हात काढला. भोकात ड्रिलची उलटी दांडी घालून, म्हणजे पोकळी चेपू नये, कडेने हलके टोले मारले, आवळून पाहिलं, परत तसंच मऊ. इथे जाळही चालत नाही, आत ऑइल आणि रबराची सील आहे.

बंद केलं. कॅलिपरच काढून न्यायचा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कॅलिपर न्यायच्या आधी पिस्टन बाहेर काढला, समोर लाकडाचा तुकडा ठेवून सायकलच्या पंपाने ऑइलच्या भोकातून हवा दिली, बोटं दूर ठेवून. सील काढली, तशीही नवीन किट आणली आहे. लेथवाल्या काकांकडे दारव्ह्याला गेलो. त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं, निपलचं डोकं चिमटीने हलवलं आणि तेच सांगितलं जे मला वाटत होतं.

"भाऊ, हे तुटणारच आहे. तुटू दे, मंग नट वेल्ड करून काढू."

निपल बुडापासून तुटली. त्यावर एक नट ठेवला आणि आतून वेल्डिंग भरलं. वेल्डिंगच्या वेळी तो छोटा तुकडा लालबुंद होते, बाजूचं कॅलिपर त्यामानाने थंड, तुकडा फुगून गंज चेंगरते आणि थंड झाल्यावर आकसून ढिला पडते, शिवाय पाना धरायला नवं डोकंही भेटते. पहिला नट उडाला. दुसरा टिकला, काकांनी तो पूर्ण थंड होऊ दिला, बिडी संपेपर्यंत, मग इकडे तिकडे करत काढला. आट्यांमधून टॅप फिरवून दिला. पैसे फार कमी सांगितले, मी जास्त दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

जोडणी. काढायला दोन आठवडे आणि बसवायला एक सकाळ.

हबची तोंडं चकचकीत होईपर्यंत घासली, तिथे गंज राहिला तर नवीन डिस्क डुलते आणि थरथर तशीच राहते. हबच्या कडेला आणि डिस्कच्या नवीन स्क्रूंना कॉपरची अँटीसीझ (जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) पातळ लावली. चाकाच्या बोल्टच्या आट्यांना नाही लावली, तिथे तेल-ग्रीस असलं की तेवढ्याच आवळणीत बोल्ट जास्त ताणल्या जाते. पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस, बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगून पिन परत जाम होते. नवीन बूट बसवले. डिस्कवरचं कंपनीचं तेल क्लीनरने पुसलं.

पिस्टन आत ढकलताना वर टाकीतलं ऑइल वाढते, आधीच सिरिंजने थोडं काढून घेतलं, बोनेटवर पडलं तर रंग खाते, पडलंच तर लगेच पाणी. कॅलिपर डावा-उजवा एकसारखे दिसतात, निपल वरच्या बाजूला आली पाहिजे, नाही तर हवा निघतच नाही.

हवा काढायला पुतण्या सीटवर. "दाब… धरून ठेव… सोड." पेडलच्या खाली लाकडाचा तुकडा ठेवला, पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळाला गेलं की सील खराब जागेवर घासते. नळी पारदर्शक होती, बुडबुडे बंद होईपर्यंत. चाकाचे नट फुलीच्या क्रमाने, टॉर्क पाना (जोर मोजून आवळणारा) शेजारच्या काकांचाच, १०८.

गाडी सुरू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दहा-बारा वेळा दाबलं. हे विसरलो असतो तर पहिला ब्रेक लागलाच नसता.

सांजच्याला, नवीन पॅड-डिस्क एकमेकांना बसाव्या म्हणून, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून ६० वरून १० पर्यंत, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबवता, मग थंड होऊ दिली.

१ डिसेंबर, रविवार

काल बाबांना वर्ध्याला नेऊन आणलं. ९० वर ब्रेक मारला, स्टिअरिंग जाग्यावर. घरी आल्याबरोबर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिलं, दोन्हीकडे सारखीच गरमी. नट परत टॉर्क पान्याने तपासले, एक थोडा फिरला, बाकी जाग्यावर.

मागच्या चाकांना डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत. आज चाकं काढून पाहिलं तर तिथेही तसेच दोन स्क्रू, एकाची फुली आधीच कोणीतरी अर्धी खाल्लेली. ते काम संक्रांतीनंतर. तेलाचे थेंब आजच सोडून ठेवले, दर रविवारी परत सोडत राहीन.